बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम, बीचच्या आधी इथे जा

गोव्याला चौथ्यांदा गेलो तेव्हा कुठे हे बघायचा योग आला, दाबोळी विमानतळापासून अगदी जवळ आहे तरी टॅक्सीवाल्याने असा भाव सांगितला की जणू कारवारला निघालोय. असो. बाहेर उघड्यावर खरीखुरी विमानं उभी आहेत, मॉडेल नाहीत. सगळ्यात मोठं सुपर कॉन्स्टेलेशन, शेपटीला तीन पंख, पंख्यांची चार इंजिनं, आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं मग एअरफोर्सकडे आणि १९७६ मध्ये नेव्हीकडे आलं, म्हणजे एका जन्मात तीन नोकऱ्या! मी मात्र सी हॉक या नेव्हीच्या जुन्या लढाऊ जेटपाशीच रेंगाळलो. डिसेंबर १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून याच जातीच्या विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार, चितगावला झोडपलं होतं आणि जवळून बघितलं तर इतकं लहान की काळजात धस्स होतं, यात बसून समुद्रावरच्या जहाजावर परत उतरायचं?

सी हॅरियर हे लढाऊ जेट पण आहे, त्याच्या पोटाशी दोन्ही बाजूंना मिळून चार नॉझल, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर टाकणारी तोंडं, आहेत ती नक्की वाकून बघा, तीच खाली वळवून ते सरळ उभं उतरायचं. २०१६ ला रिटायर झालं. पोराने पंखाखाली सावली शोधली कारण मी शहाणा भर दुपारी घेऊन गेलो होतो, तुम्ही सकाळी जा, टोपी घ्या, आणि सोमवारी बंद असतं.