काळवंडलेल्या सीडारसाठी पूड-क्लीनर: काम चोख, पण अर्धेच

घराच्या बाहेरच्या भिंतींना लावलेल्या सीडारच्या फळ्या उन्हापावसाने राखाडी पडल्या होत्या, आणि पुन्हा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) देण्यापूर्वी त्या स्वच्छ करण्यासाठी मी सोडियम परकार्बोनेटची पूड वापरली. कोमट पाण्यात कालवल्यावर तिच्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. त्यामुळे द्रावण काही तासांतच निकामी होते, हे डब्यावर ठळकपणे छापायला हवे होते. सकाळी कालवलेली अर्धी बादली मला दुपारी ओतून द्यावी लागली.

द्रावण खालून वर लावत गेल्यास ओघळांचे पट्टे उमटत नाहीत. सुमारे १५ मिनिटे फळी ओली ठेवून मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने घासली, तेव्हा फेस तपकिरी होत खाली उतरला आणि आतला तांबूस रंग दिसू लागला. प्रेशर वॉशरचा मोह मात्र टाळावा. सीडार इतके मऊ असते की जोरदार धारेने त्याचे तंतू उचकटतात.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग या पुडीने जराही हलले नाहीत. ते लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने पडतात, आणि त्यांना ऑक्झॅलिक आम्लच लागते. हातमोजे आणि संरक्षक चष्मा यांच्याविना त्याला हात लावू नये. लाकडात उरलेला क्लीनरचा अल्कधर्मी अंशही हेच आम्ल मारते, म्हणून दोन्ही एकाच खोक्यात मिळायला हवीत. ती स्वतंत्र विकणे मला पटले नाही. धुतल्यानंतर दोन कोरडे दिवस गेले, तरी सावलीतल्या बाजूला ओलावा मोजणारे यंत्र १५ टक्क्यांच्या वर आकडा दाखवत होते, म्हणून तिथे स्टेन द्यायला आणखी थांबलो.