चिपळूणच्या ट्रकला बर्फाची चेन: वापरानंतरचा अनुभव

बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर साखळ्यांची चेन चढवतात. चिपळुणात असली चेन विकत घेणारा माणूस लोकांना वेडाच वाटतो. पण आमची दहा चाकी लोटे एमआयडीसीतून माल भरून थंडीतही श्रीनगरला जाते, येताना काश्मिरातल्या लासीपोराच्या कोल्ड स्टोअरमधलं सफरचंद वाशीला उतरवते. तिकडे बर्फ पडला की बिनचेनची गाडी बाजूला लागते.

घेतली ती शिडीसारखी, आडव्या साखळ्यांची, १०.०० आर २० मापाच्या टायरची. जाळीची चेन आडवं घसरणं जास्त रोखते, पण महाग. हिची एकेक आडवी साखळी बदलता येते, त्यासाठीच ही निवडली.

चढाला पकड उत्तम. भरलेली गाडी खालच्या गिअरवर निमूट निघते. उताराला मात्र फार भरवसा नको. चेन असते ती इंजिन फिरवतं त्या मागच्या एक्सलच्या चाकांवर, स्टिअरिंगची चाकं उघडीच, त्यामुळे वळणावर ब्रेक दाबला की गाडीचं तोंड सरळ जाऊ बघतं. आम्ही ताशी ३०च्या वर जात नाही.

खरी मेहनत बसवण्यात. चेन जमिनीवर पसरून पीळ काढायचा, टायरवर टाकायची, आधी आतला हूक, मग बाहेरचा. हातमोजे घालून हूक लागत नाही, काढले तर बोटं बधिर. थोडं चालवून पुन्हा ताणायचीच, नाहीतर सुटलेलं टोक मडगार्डवर आपटतं, ब्रेकचा पाइपही फोडू शकतं. चेनसाठी टायरची हवा कमी करा म्हणणारे भेटतात. भरल्या गाडीला तसलं काही करू नका. आणि श्रीनगरच्या वाटेवर बनिहालला रस्त्यावर बर्फ नसेल तर तिथे चेन चढवू नका. पुढे काझीगुंडपर्यंतचा नवयुग बोगदा जवळजवळ साडेआठ किमी, आत रस्ता कोरडा, कड्या फुकट झिजतात. काझीगुंडला बाहेर पडून चढवा.

चेन खराब होते ती बर्फात कमी, आपल्या खाऱ्या दमट हवेत जास्त. घरी आली की गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवायची, तेल चोळून झाकणाच्या पिंपात ठेवायची. गोणपाट पावसाळाभर ओल धरतो. गणपतीत एकदा काढून बघतो; तांबूस पूड दिसली तर तारेच्या ब्रशने घासून पुन्हा तेल.

पावसाच्या तोंडाला चिऱ्याच्या खाणीवाले चेन मागायला येतात. चिखलात ती धरतेही. पण खाणीतून वर काँक्रीटच्या हायवेला लागलं की उतरवायचा कंटाळा, तशीच दामटतात. म्हणून आता नाही म्हणतो. येत्या थंडीसाठी सुट्या आडव्या साखळ्या तेवढ्या जास्तीच्या मागवल्यात.