हस्तलिखितासाठी संपादक निवडताना : अकरा महिन्यांच्या कामानंतरचा अनुभव

माझे वडील नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करत. त्यांच्या आणि आमच्या वस्तीच्या आठवणींचे सुमारे ६२,००० शब्दांचे हस्तलिखित मी निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत पूर्ण केले आणि स्वतःच्या खर्चाने त्यासाठी संपादक नेमला. खरे तर दोन संपादक नेमावे लागले, कारण पहिली निवड चुकली. दुसऱ्या संपादिकेबरोबर काम सुरू होऊन आता अकरा महिने झाले आहेत आणि पुस्तक अक्षरजुळणी होऊन मुद्रितांच्या, म्हणजे तपासणीच्या प्रूफांच्या, टप्प्यावर आले आहे. आपले हस्तलिखित कोणाच्या हाती द्यावे, या विचारात असलेल्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या संपादकांची निवड मी त्यांच्या नावावर असलेल्या पुस्तकांची संख्या पाहून केली. ते अभ्यासू होते, कबूल केलेल्या चाळीस दिवसांत त्यांनी काम परत दिले आणि पैशांच्या बाबतीतही ते अगदी चोख होते. परत आलेली प्रत स्वच्छ होती. समासात एकही प्रश्न नव्हता, कोठे काय बदलले याची खूण नव्हती, आणि मला सुरुवातीला त्याचा आनंदच झाला. मग मी तिसऱ्या प्रकरणापाशी आलो. पहाटेचा भोंगा होतो आणि आई वडिलांना उठवते, असा तो प्रसंग आहे. मी लिहिले होते, ‘‘भोंगा झाला नं, काहून झोपून राहिले अजून?’’ छापायला तयार झालेल्या प्रतीत आई म्हणत होती, ‘‘भोंगा झाला ना, अजून का झोपला आहात?’’ वाक्य शुद्ध होते, पण ते माझ्या आईचे नव्हते. पुढे पाहिले तर ‘मले’चे ‘मला’ झाले होते, ‘पोट्टे’ जाऊन ‘मुले’ आली होती, आणि ‘करून राहिला’ ही आमच्याकडची रोजची क्रियापदाची घडण दोनशे चाळीस पानांतून जवळजवळ नाहीशी झाली होती. मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहण्यात माझे दोन महिने गेले.

मी विचारले तेव्हा नियमांचा दाखला देण्यात आला. यासाठी मी नियम पुन्हा वाचले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली आणि आज आपण ते १८ नियम पाळतो. निवेदनात ते पाळले जावेत असा माझाही आग्रह आहे. परंतु पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा त्याच नियमांत आहे. त्यामुळे माझी तक्रार नियमांविषयी कधीच नव्हती. ‘काहून’ हा शब्द लेखकाने जाणीवपूर्वक लिहिला की अनवधानाने, हे विचारण्याची गरज संपादकाला वाटली नाही, ही माझी तक्रार आहे. अर्थात त्यात माझाही दोष आहे, कारण नमुन्याची पाने न देता मी संपूर्ण हस्तलिखित एकदम त्यांच्या स्वाधीन केले होते.

दुसऱ्या वेळी मी तिघांना प्रत्येकी दहा पाने पाठवली आणि त्या कामाचे पैसे देईन, असे आधीच कळवले. पाने निवडताना मी एक काळजी घेतली. आपल्याला उत्तम साधलेला मजकूर पाठवण्याचा मोह होतो, परंतु तो कोणाकडूनही बरा होऊन येतो. मी सर्वांत गुंतागुंतीची दहा पाने काढली. त्यांत बोलीतले संवाद होते, मिलमधल्या कामाचे वर्णन होते, दोन-तीन साले होती आणि मला स्वतःला रटाळ वाटत असलेला एक परिच्छेदही होता. एका संपादकाने फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले. दुसऱ्यांनी मजकूर इतका सुंदर केला की तो मला ओळखू येईना. धरमपेठेत राहणाऱ्या संपादिकेने केलेला प्रत्येक बदल दाखवणारी ‘ट्रॅक चेंजेस’ ही संगणकावरची सोय चालू ठेवून मोजके बदल केले होते आणि समासात सतरा प्रश्न विचारले होते. माझी निवड त्या सतरा प्रश्नांवर झाली.

त्यांतला एक प्रश्न सांगतो. मिलच्या जवळच्या तलावाला मी एका पानावर जुम्मा तलाव म्हटले होते, दुसऱ्यावर शुक्रवारी तलाव आणि आठव्या पानावर गांधीसागर. नागपूरकराला हे तिन्ही एकच आहेत हे सांगावे लागत नाही. संपादिकेने लिहिले होते, ‘‘तलाव एकच आहे हे मला माहीत आहे. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या वाचकाला तीन तलाव दिसतील. वडील कोणते नाव घेत असत?’’ वडील जुम्मा तलाव म्हणत. आता संवादात सर्वत्र जुम्मा तलाव आहे, निवेदनात शुक्रवारी तलाव आहे, आणि गांधीसागर हे नाव पहिल्या प्रकरणात एकदाच, ओळख करून देताना येते. दुसरा प्रश्न सालाचा होता. मिल सुरू झाल्याचे वर्ष मी एके ठिकाणी १८७४ आणि दुसरीकडे १८७७ लिहिले होते. कोणते खरे, असे त्यांनी विचारल्यावर मी शोधले, आणि दोन्ही साले खरी निघाली. जमशेटजी टाटांनी कंपनी स्थापन केली १८७४ मध्ये. गिरणी प्रत्यक्ष सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीला एम्प्रेस हे नाव मिळाले. इतकी वर्षे त्या नावाच्या सावलीत वाढूनही मी ही संगती पुस्तकात घातली नव्हती. एका प्रश्नामुळे ती आली.

प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर त्यांनी प्रथम तीन पानांचे शैलीपत्रक तयार केले. ‘अन्’ पाय मोडून लिहायचे की नाही, ‘मले’, ‘तुले’ कोणत्या पात्रांच्या तोंडी राहतील आणि शिकलेल्या धाकट्या काकांच्या तोंडी का नाही, ‘बदली कामगार’ हा शब्द पहिल्यांदा येतो तेथे अर्थ कसा उलगडायचा, अंक अक्षरी लिहायचे की आकड्यांत, असे सारे त्यात ठरले. बोली जपणे म्हणजे वाटेल तसे लिहिणे नव्हे, हे मला त्या पत्रकाने शिकवले. माझ्याच लेखनात आई एका पानावर ‘मले’ आणि पुढच्या पानावर ‘मला’ म्हणत होती, हे मला चार वर्षांत दिसले नव्हते.

सर्वांत जड गेलेली गोष्ट म्हणजे दुसरे प्रकरण. कापड गिरण्यांचा सर्वसाधारण इतिहास मी बावीस पानांत मोठ्या कष्टाने लिहिला होता. ‘‘ही माहिती इतरत्र मिळते, तुमचे वडील येथे कोठेच नाहीत,’’ अशी टीप आली आणि मी तीन आठवडे उत्तर दिले नाही. नंतर ती पाने बाजूला ठेवून पुस्तक सलग वाचले तेव्हा पहिल्या प्रकरणातून तिसऱ्यात जाताना काहीच अडले नाही. बावीसपैकी चार पाने उरली, तीही इतर प्रकरणांत वाटली गेली. उलट, वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग आरंभी घ्यावा ही त्यांची सूचना मी स्वीकारली नाही. पुस्तक भोंग्याने सुरू व्हावे असे मला वाटत होते आणि आजही वाटते. त्यांनी आपले कारण एकदा नीट मांडले, माझे ऐकले, समासात ‘लेखकाचा निर्णय’ असे लिहिले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. ‘सत्यकथा’ मासिकाच्या आणि मौज प्रकाशनाच्या काळात श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाशी असा दीर्घ संवाद करत, हे आपण वाचलेले असते; आज स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाला तो संवाद स्वतः शोधून मिळवावा लागतो.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. पाच महिन्यांचे काम साडेआठ महिन्यांवर गेले. टप्प्याटप्प्याच्या तारखा आम्ही लिहून घेतल्या नव्हत्या, त्या घ्यायला हव्या होत्या. कामाचे स्वरूप आणि मोबदला मात्र लेखी ठरवला होता आणि त्याचा फार उपयोग झाला, कारण ‘संपादन’ या एका शब्दात लोक तीन वेगळी कामे कोंबतात. प्रकरणांची रचना, काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे पाहणे म्हणजे आशयाचे संपादन. वाक्ये, शब्द, सुसंगती पाहणे म्हणजे भाषिक संपादन. जुळणी झालेल्या पानांवरच्या चुका टिपणे म्हणजे मुद्रितशोधन. माझ्या पहिल्या संपादकांनी बहुधा दुसरे आणि तिसरे काम करायचे आहे असे गृहीत धरले होते, आणि मला हवे होते पहिले.

मुद्रितशोधन मी तिसऱ्याच व्यक्तीकडे दिले आणि ते संपादिकेच्याच आग्रहाने. एकच मजकूर चार वेळा वाचलेल्या डोळ्यांना छापील चूक दिसत नाही. शिवाय माझी पहिली पाच प्रकरणे सीताबर्डीवरच्या टंकलेखकाने जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. ती युनिकोडमध्ये बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकले आणि ‘दुसऱ्या’चे सर्वत्र ‘दुसर्या’ झाले. असे रूपांतर करायचे असेल तर ते संपादनाच्या आधी करून घ्यावे. आम्ही ते मध्येच केले आणि दोन प्रकरणांचे तपासलेले काम पुन्हा तपासावे लागले.

गेल्या आठवड्यात शेवटची मुद्रिते आली. संपादिकेचा एकच प्रश्न शिल्लक आहे. वडील मिलच्या फाटकापाशी सायकल धरून उभे आहेत, त्या छायाचित्राखाली मी काहीच लिहिलेले नाही. ‘‘साल? आणि फोटो कोणी काढला?’’ असे तिथे समासात लिहिले आहे. आईची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली आहे. त्या फोटोची मूळ प्रत सापडली तर मागे वडिलांनी तारीख घातलेली असेल.