फ्यू की अ फ्यू, मोस्ट की द मोस्ट? ऐन परीक्षेत काय निवडायचं

लातूर, नांदेडच्या अभ्यासिकांत इंग्रजी व्याकरणाचे नियम तोंडपाठ असलेली पोरं ढिगानं भेटतात. घोडं अडतं ते दोन पर्याय समोरासमोर आले आणि दोन्ही बरोबर वाटले की. म्हणून इथे जोड्याच घेऊ.

फ्यू / अ फ्यू. आकडा दोन्हींत सारखा असू शकतो, फरक बोलणाऱ्याच्या मनातला. मे महिन्यात टँकरवर असलेल्या गावाबद्दल ‘फ्यू वेल्स हॅव वॉटर’ म्हटलं, तर विहिरी कोरड्या पडल्यात, कठीण आहे. ‘अ फ्यू वेल्स हॅव वॉटर’ म्हणजे काहींना तरी पाणी आहे, भागेल. पाणी, दूध, वेळ अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींत हेच काम लिटल आणि अ लिटल करतात. आधी ‘ओन्ली’ किंवा ‘क्वाइट’ असेल तर ‘अ’वाला पर्याय घ्या. मात्र ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बरेच, थोडे नव्हे!

मेनी / मच. हे सगळ्यांना येतं. फक्त इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, अ‍ॅडव्हाइस यांना ‘मच’ लागतं, एवढं पाहा.

फ्यूअर / लेस. पावसाचे दिवस फ्यूअर, पाऊस लेस. पैसे, अंतर, वेळ मोजता येत असले तरी एकूण रक्कम म्हणून धरले जातात, म्हणून ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’. ‘लेस पीपल’ खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही सर्रास बोलतात, पण परीक्षेत त्याचे मार्क जातात.

मोस्ट / मोस्ट ऑफ द / द मोस्ट. खरी गल्लत इथे होते. ‘मोस्ट फार्मर्स’ म्हणजे एकंदर बहुतेक शेतकरी. ‘मोस्ट ऑफ द फार्मर्स’ म्हणजे आधी ठरलेल्या गटातले, समजा औशाच्या बाजारात आज आलेले, बहुतेक. ‘मोस्ट ऑफ फार्मर्स’ सरळ चूक. आणि ‘द मोस्ट सोयाबीन’ म्हणजे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त सोयाबीन. मोस्ट हे मेनी आणि मच या दोन्हींचंच सुपरलेटिव्ह, म्हणजे ‘सगळ्यांत जास्त’ सांगणारं रूप, आहे, त्यामुळे ‘द’ आला की अर्थ बहुतेकवरून सर्वाधिकवर जातो. ‘मोस्ट बिगेस्ट’ला मात्र कुठेच जागा नाही.

एकटा पहिला / पहिल्यांपैकी एक. डिग्री, म्हणजे तुलनेचं रूप, बदलून तेच वाक्य लिहायच्या प्रश्नात माझ्या मते हेच आधी बघावं. गोदावरी 1,465 किलोमीटर लांब, दक्षिण भारतीय द्वीपकल्पातली सर्वात लांब नदी. ती एकटीच पहिली. म्हणून ‘नो अदर रिव्हर इन पेनिन्शुलर इंडिया इज अ‍ॅज लाँग अ‍ॅज द गोदावरी’. देवगिरीला मात्र ‘वन ऑफ द स्ट्राँगेस्ट फोर्ट्स’ म्हटलं, तर त्याच्या तोडीचे आणखी थोडे किल्ले मान्य केले. तिथे ‘नो अदर’ चालणार नाही. ‘व्हेरी फ्यू फोर्ट्स आर अ‍ॅज स्ट्राँग अ‍ॅज देवगिरी’ किंवा ‘स्ट्राँगर दॅन मोस्ट अदर फोर्ट्स’ घ्या. ‘वन ऑफ’नंतरचा ‘फोर्ट्स’ अनेकवचनीच.

एनी / एनी अदर. पेनिन्शुलर इंडियात गोदावरी स्वतःही आहे, म्हणून ‘लाँगर दॅन एनी अदर रिव्हर इन पेनिन्शुलर इंडिया’. केरळातल्या नद्यांशी तुलना असेल तर ती त्या गटातच नाही. तिथे ‘लाँगर दॅन एनी रिव्हर इन केरळा’ पुरे, ‘अदर’ घातला की वाक्य चुकलं.