स्पोर्ट टूरिंग गाडीला मिशेलिन रोड ६ टाकले, ९००० किमी नंतरचा रिव्ह्यू

माझ्या मागच्या टायरवर आडवा हात फिरवला की जिथे गोलाई लागायला हवी तिथे पाटासारखं सपाट लागत होतं. चालवताना पण कळायचं, वळणात गाडी टाकायला गेलो की आधी ती झुकायलाच तयार नसायची आणि मग त्या सपाट भागाची कड ओलांडली की एकदम आत पडायची. खाचांच्या तळाशी ज्या छोट्या आडव्या रबराच्या पट्ट्या असतात ना, झीज दाखवणाऱ्या, त्या मधल्या भागात वरच्या रबराला येऊन टेकल्या होत्या. म्हणजे बदलायचे हे नक्कीच होतं, पण काय टाकायचं ह्याच्यात माझे दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत जे कळलं ते टायरच्या रिव्ह्यूइतकंच महत्त्वाचं आहे म्हणून सगळं लिहितोय, लांब होणार आहे.

गाडी म्हणजे बाईक, लीटर क्लासची, हजार सीसीच्या आसपासची, २३५ किलोची, पुढे १२०/७० झेडआर १७ आणि मागे १९०/५० झेडआर १७ (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची त्या रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची). शोरूममधून येताना तिच्यावर स्पोर्ट टायर होते, मऊ रबराचे. मस्त चिकटायचे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण मागचा सात हजाराला संपला. मी आधी तसाच सेट परत घ्यायला निघालो होतो कारण मला वाटायचं मी बऱ्यापैकी घाट चालवतो, मला ग्रिप लागते. मग एका रविवारी गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर, घेतली, चाक धुतलं, खोली मोजायचा साधा गेज घेतला आणि खाली बसून टायर नीट बघितला.

मधे जेमतेम १ मिलिमीटर. त्याच्या बाजूला, हात दीड हात नाही हो, फक्त चार बोटांवर, जवळपास ४. आणि अगदी कडेला बोटभर रुंदीची पट्टी अशी की तिच्यावर नव्या टायरचे बारीक केस अजून तसेच. म्हणजे माझं बहुतेक चालवणं सरळ हायवेवरचं, मागे बायको, दोन बाजूला भरलेल्या बॅगा, दिवसाला चारशे-पाचशे किमी. घाट आहेत, पण ते दिवसातला एक तास. आणि वर्षातले कितीतरी दिवस पावसात. मी मनात जे रायडिंग धरून टायर शोधत होतो ते आणि रबरावर लिहिलेलं रायडिंग ह्यात खूप फरक होता, आणि खरं सांगायचं तर रबरावरचंच खरं. कोणाला टायर घ्यायचे असतील तर आधी जुना टायर असा मोजून बघा, मधे, बाजूला, कडेला, तिन्ही ठिकाणी. कुठला टायर घ्यायचा ते अर्धं तिथेच ठरतं.

पुढचा पण बघा. माझ्या पुढच्याला उंचवटे-खळगे पडले होते, प्रत्येक खाचेच्या एका बाजूचं रबर जास्त गेलेलं, हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत आणि उलट फिरवला तर करवतीसारखा लागायचा. हे जोरात ब्रेक मारून होतं आणि हवा कमी ठेवून पण होतं, सस्पेन्शन ढिलं असेल तरी होतं. माझी हवा कमी असायची, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता स्पोर्ट टूरिंग टायर म्हणजे नेमकं काय वेगळं. मागच्या टायरला मधे कडक रबर आणि कडेला मऊ, म्हणजे सरळ रस्त्यावर लवकर झिजू नये आणि वळणात धरून ठेवावं. रबरात सिलिका जास्त, त्याने थंडीत आणि ओल्यात पकड मिळते, आणि गरम व्हायला स्पोर्ट टायरइतका वेळ लागत नाही. खाचा पण जास्त. ह्या गटात नावं तशी मोजकीच आहेत, मिशेलिन रोड ६, ब्रिजस्टोन टी३२ आणि त्याच्यानंतर आलेला टी३३, पिरेली एंजल जीटी २, कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४, डनलॉप रोडस्मार्ट ४, मेट्झेलर रोडटेक. खरं सांगतो, ह्यातला कुठलाही टायर वाईट नाही, आणि आपल्यासारख्या रस्त्यावर चालवणाऱ्याला कोरड्यात ह्यांच्यातला फरक कळणं अवघड आहे. फरक आहे तो पाण्याशी कोण कसं वागतो आणि झिजल्यावर कोण कसा वागतो ह्यात.

एंजल जीटी २ च्या मधोमध दोन लांब समांतर खाचा आहेत, पाणी सरळ त्यातून मागे जातं. टी३२ च्या खाचा कुठे रुंद कुठे अरुंद अशा लाटेसारख्या आहेत, त्याने पाणी जोरात बाहेर फेकलं जातं. रोडअटॅक ४ ची गोष्ट मला सगळ्यात आवडली, त्यात मधलं आणि कडेचं रबर दोन वेगळी नाहीतच, एकच रबर मधे आणि कडेला वेगवेगळ्या तापमानाला पकवतात त्यामुळे कडक ते मऊ हा बदल हळूहळू होतो, जोड कुठे नाही. शिवाय त्याचा वरचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो म्हणून नवा असताना पण घसरडा कमी. मी जवळजवळ तोच घेणार होतो.

रोड ६ घेतला तो पावसासाठी. त्याच्यात मोठ्या खाचांच्या जोडीला ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात, आणि गंमत अशी की ह्या चिरा वरून अरुंद दिसतात पण आत खाली गेल्यावर रुंद होतात. म्हणजे टायर झिजत गेला की वरचं अरुंद तोंड जातं आणि खालची रुंद जागा उघडते, पाणी घ्यायची ताकद जुना झाला तरी टिकते. असा आकार साच्यात काढायला कंपनीने रोड ५ पासून धातूचे थ्रीडी प्रिंट केलेले भाग वापरायला सुरुवात केली. बहुतेक टायर पहिल्या चार हजाराला पावसात छान असतात, पण अर्धे झिजले की भीती वाटायला लागते, आणि नेमके आपण टायर अर्धे झिजलेलेच सगळ्यात जास्त दिवस वापरतो. रोड ६ हा २०२२ चा, कंपनीचं म्हणणं आहे की रोड ५ पेक्षा ओल्यात पकड १५ टक्के जास्त आणि आयुष्य १० टक्के जास्त. मी रोड ५ वापरलेला नाही त्यामुळे ती तुलना मी करत नाही, माझी तुलना त्या स्पोर्ट टायरशी.

रोड ६ साधा आणि रोड ६ जीटी असे दोन प्रकार आहेत, त्यात जीटी घ्यायचा का साधा ह्यावर पण खूप घोळ असतो. नावात जीटी लागला म्हणजे जास्त चांगला असं काही नाही, त्याची आतली बांधणी जड गाड्यांसाठी जास्त ताठ केलेली असते. तीनशे किलोच्या आसपासची टूरर असेल, चेनऐवजी शाफ्टवाली वगैरे, तर जीटी घ्या. हलक्या गाडीवर तो ताठ टायर प्रत्येक खड्डा वर पाठवणार. माझी गाडी मधली आहे, कंपनीने साध्यावरच चालेल असं सांगितलंय, मी साधाच घेतला आणि दोघं आणि सामान घेऊन पण कुठे लेचापेचा वाटला नाही. वजनाचं गणित टायरवरच लिहिलेलं असतं. मागच्यावर ७३डब्ल्यू म्हणजे ३६५ किलोपर्यंत भार आणि ताशी २७० किमीपर्यंत वेग, पुढच्यावर ५८डब्ल्यू म्हणजे २३६ किलो. हे आकडे गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहेत त्यापेक्षा खाली जाऊ नका.

साइजचा मोह मला पण झाला. १९०/५० च्या जागी १९०/५५ टाकला की गाडी वळणात पटकन झुकते असं जो तो सांगतो, आणि ते खरं आहे. १९० चे ५० टक्के म्हणजे ९५ मिलिमीटर उंची, ५५ टक्के म्हणजे १०४.५, म्हणजे गाडी मागून साधारण साडेनऊ मिलिमीटर वर जाते आणि पुढचा काटा (फोर्क) थोडा जास्त उभा होतो. पण माझ्या गाडीतलं ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना करून चालतं, मागच्या चाकाचा घेर बदलला की ती तुलना हलते, आणि मला मागे माणूस बसवून प्रयोग करायचे नव्हते. शिवाय जुन्या टायरवर गाडी ढकलल्यासारखी झुकायची ते साइजमुळे नव्हतं, टायर सपाट झाल्यामुळे होतं. नवा गोल टायर बसल्यावर ५० पण इतका हलका झुकतो की तो विषयच संपला. दुसऱ्या बाजूला जास्त रुंद टायर टाकायचं तर अजिबात मनात आणू नका, १८० चा टायर साडेपाच इंची रिमसाठी असतो, त्या रिमवर १९० बसवला की कडा आत ओढल्या जातात आणि आकारच बिघडतो.

आता बसवण्याबद्दल, कारण इथे मी एकदा पोळलोय. आधीच्या गाडीला एका दुकानात टायर बसवले होते, नाव सांगत नाही, त्याने बॅलन्सिंग केलंच नाही, म्हणाला नवीन टायरला लागत नाही. १०० च्या वर हॅंडल थरथरायचं, मी महिनाभर बेअरिंग शोधत बसलो. आणि त्याच टायरची तारीख मी घरी येऊन बघितली तर चार वर्षं जुनी. तारीख बघणं अगदी सोपं आहे, टायरच्या बाजूवर डॉट ह्या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. पैसे द्यायच्या आधी दोन्ही टायरची बघा, एका टायरवर बघून समाधान मानू नका.

ह्या वेळी चाकं स्वतः काढून नेली आणि बाजूला उभा राहून करून घेतलं. फिरायची दिशा दाखवणारा बाण बघितला, टायरवरचा रंगाचा ठिपका, तो हलक्या बाजूला असतो, तो वॉल्वपाशी आणून बसवला, वॉल्व नवीन टाकून घेतले कारण जुन्याचं रबर चिरत जातं, आणि मशीनवर बॅलन्स. पुढच्याला १० ग्रॅम लागले, मागच्याला २०. हवा भरताना कड रिमवर बसते तेव्हा दोन वेळा फाट फाट असा आवाज होतो, एकच झाला तर एक बाजू बसलेली नाही. मागचं चाक बसवल्यावर चेनचा ढिलेपणा आणि ॲक्सलचा टॉर्क परत तपासला.

पहिले दीडशे किमी हळू. नव्या टायरचा पृष्ठभाग चकचकीत असतो आणि साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश पण राहतो, तेव्हा दर वळणाला थोडं थोडं जास्त झुकवत न्यायचं, ओल्या रस्त्यावर पहिला दिवस काढू नये. मी पण तसंच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी घाटात घेऊन गेलो आणि पहिल्याच वळणात गाडी इतकी सहज आत गेली, हाताला काही करायलाच लागलं नाही, एकसारखी, मधे कुठे अडखळणं नाही, की मी वर पोचल्यावर थांबून बायकोला म्हटलं ही आपलीच गाडी आहे का.

पण माझा विश्वास बसला तो पावसात. परतीच्या प्रवासात संध्याकाळी जोराचा पाऊस लागला, रस्त्यावर पाण्याचा थर, समोर ट्रकने उडवलेला फवारा, आणि एका उतारावरच्या वळणात मला पांढऱ्या पट्ट्यावरून जावं लागलं. जुन्या टायरवर अशा पट्ट्यावर मागचं चाक बारीकसं सरकायचं, पोटात गोळा यायचा. ह्या वेळी काहीच झालं नाही. मुद्दाम पुढे एका रिकाम्या सरळ रस्त्यावर ब्रेक थोडा जोरात धरून बघितला, एबीएस जुन्यावर जिथे खडखड सुरू करायचं त्याच्या बरंच पुढे जाऊन सुरू झालं. मागे बसलेल्या माणसाला पण कळलं, बायको म्हणाली आज तू मान आखडून बसला नव्हतास.

कोणी घेऊ नये ते पण सांगतो. ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर गाडी चालवायला, जाणार असाल तर हा टायर नाही, ह्या गटातला कुठलाच नाही, एवढ्या खाचांचं रबर तिथल्या उष्णतेत हलायला लागतं, स्पोर्ट टायरच घ्या. ज्यांना कच्च्या रस्त्यावर जायचंय त्यांना पण हा नको.

हवा. माझ्या गाडीला पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय, स्विंगआर्मवर स्टिकर आहे, तुमच्या गाडीला तुमचा स्टिकर बघा. हे गार टायरचे आकडे. मी आधी पंपावर पोचल्यावर गरम टायरमध्ये ३६-४२ करायचो, म्हणजे गार झाल्यावर प्रत्यक्षात कमीच, आणि पुढचा करवतीसारखा झाला होता तो बहुतेक ह्यानेच. शिवाय हवामान १० डिग्रीने गार झालं की मागच्यात साधारण २ पीएसआय असेच कमी होतात, तेव्हा ऋतू बदलला की बघा. आता घरी स्वतःचा गेज आहे, दर शनिवारी सकाळी गाडी चालू करायच्या आधी बघतो.

फक्त मागचा बदलला तर चालतो का हे बरेच जण विचारतात. चालतो, पुढचा चांगला असेल आणि त्याच कंपनीचा त्याच जातीचा असेल तर. एक स्पोर्ट आणि एक टूरिंग असं करू नका, आणि एक रेडिअल आणि एक बायस (ह्या टायरच्या आतल्या बांधणीच्या दोन वेगळ्या पद्धती) असं तर कधीच नाही. मी दोन्ही बदलले कारण पुढच्याला खळगे होते.

गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने दर हजाराला खोली लिहून ठेवतो, मधली आणि बाजूची. जुन्या टायरला सात हजारात दोघांमधला फरक तीन मिलिमीटर झाला होता. काल ९००० ला मोजलं तर फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही, आणि कडेची ती बोटभर पट्टी आता अर्ध्या बोटाची राहिलीय.