क्लच जड झालाय? वायर, लिव्हर, आर्म की स्प्रिंग, आधी कशाला हात घालायचा

अण्णांनी पस्तीस वर्षं माग चालवला. आता वय सदुसष्ट, डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कायमची ठणक, पण पहाटे सिद्धेश्वराला जायचं ते स्वतःच्याच गाडीवर. गेल्या मे महिन्यात सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला त्यांना न्यूट्रल सापडेना आणि क्लच धरवेना. गाडी बंद करून ढकलत कडेला आणली आणि मला फोन केला. संध्याकाळपर्यंत घरात तीन सल्ले जमले. मेहुणा म्हणाला, गिअरची गाडी विका, स्कूटर घ्या. शेजारचा पोरगा म्हणाला, रेसिंगवाले आखूड लिव्हर बसवा. आणि गॅरेजमध्ये ऐकलं, "मालक, मऊ स्प्रिंगा टाकू की, लोण्यासारखा होतोय बघा."

घरात दोन गाड्या आहेत, अण्णांची १२५ सीसी आणि माझी जुनी ३५०. दोन्हींचा क्लच जड होता, पण कारणं वेगळी निघाली. म्हणून काय घ्यावं हे ठरवण्याआधी एक तपासणी करा. तिला पैसा लागत नाही.

गाडी थंड असताना क्लचची वायर इंजिनाकडच्या टोकाला आर्ममधून, म्हणजे वायर ओढली की शाफ्ट फिरवून क्लच सोडवणाऱ्या छोट्या दांड्यातून, सोडवा. आता वरचा लिव्हर दाबून बघा आणि वायरचं खालचं टोक हातानं मागेपुढे ओढा. वायर चांगली असेल तर ती बोटाच्या जोरावर, न अडखळता सरकते. करकर लागली, मध्येच अडकली, तर जडपणा वायरीत किंवा लिव्हरच्या बोल्टमध्ये आहे. वायर मोकळी सरकत असेल तर दोष पुढे आहे, आर्म, त्याचा शाफ्ट किंवा आतल्या स्प्रिंगांत. अण्णांची वायर निम्म्यावर अडकत होती. माझी छान सरकत होती. या एका गोष्टीवरून दोन्ही गाड्यांचे रस्ते वेगळे झाले.

जुन्या वायरला तेल की नवी वायर?

आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते. ती लिव्हरजवळच्या तोंडातून वायरच्या नळीत शिरते, पहिल्या पावसात ओल धरते आणि आत गंज चढतो. तेल घालायचं तर नीट घाला. वायर वरून सोडवा, तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा रबरानं बांधा, त्यात पातळ तेल ओता आणि वायर रात्रभर उभी टांगून ठेवा. खालच्या टोकातून स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत काम झालं नाही असं समजा. गंज सोडवायचा स्प्रे मारून दोन दिवस बरं वाटतं, कारण तो मळ सैल करतो, पण मागे वंगण फारसं राहत नाही. ग्रीस नळीत भरू नका, ते धूळ धरून ठेवतं. काही वायरींच्या नळीला आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं, त्यांना तेल लागत नाही. गाडीच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तर तेच ऐका.

पण वायरीचा एखादा तार तुटून टोकाशी झाडूसारखा पिंजला असेल, किंवा नळी कुठे दबून वाकली असेल, तर तेलाचा उपयोग नाही. नवी वायर घ्या. १०० ते १५० सीसीच्या गाडीला ती साधारण दोनशे ते पाचशे रुपयांत मिळते आणि इतक्या पैशात एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. तुमच्याच मॉडेलची घ्या, लांबी थोडी कमीजास्त झाली तरी वळणं तीव्र होतात. बसवताना जुनी ज्या वाटेनं गेली होती त्याच वाटेनं न्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर कुठे ताणली जाते का. ज्यांनी उंच हँडल बसवलंय त्यांचा क्लच बहुतेकदा इथेच जड झालेला असतो.

अण्णांच्या गाडीला नवी वायर घातली आणि लिव्हरचा बोल्ट काढला. त्यावर वाळलेलं काळं ग्रीस, जवळजवळ डांबर झालेलं. ते पुसून नवं पातळ ग्रीस लावलं, बोल्ट फार आवळला नाही. बोल्ट जास्त आवळला तर लिव्हर परत जाताना चिकटतो. त्याच दिवशी त्यांचा निम्म्याहून जास्त त्रास गेला.

प्ले, म्हणजे वायर ताणली जायच्या आधीची लिव्हरची मोकळी हालचाल, विसरू नका. बऱ्याच गाड्यांना लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिलिमीटर मोकळीक सांगितलेली असते, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. प्ले फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल शोधत बसावं लागतं. अण्णांचं सिग्नलवरचं दुखणं अर्धं यातलं होतं. प्ले अजिबात नसेल तर क्लच सतत थोडा दाबलेला राहतो आणि एकमेकींवर दाबून इंजिनाचा जोर पुढे नेणाऱ्या आतल्या प्लेटा जळतात.

आखूड लिव्हर की अंतर बदलता येणारा लिव्हर?

इथे बहुतेक लोक फसतात. दोन बोटांचे आखूड लिव्हर दिसायला हलके वाटतात, पण हिशोब उलटा आहे. बोल्टपासून १२ सेंटिमीटरवर दाबताना जेवढा जोर लागतो, त्याच्या दीडपट जोर ८ सेंटिमीटरवर लागतो. हातपंपाचा दांडा मध्यावर धरून पाणी काढून बघा, तोच प्रकार. दुखऱ्या हाताला आखूड लिव्हर घेऊच नका.

अंतर बदलता येणारा लिव्हर मात्र लहान हातांना खरंच उपयोगी आहे. लागणारा जोर तो कमी करत नाही. पण बोटं पूर्ण ताणून दाबण्यापेक्षा अर्धवट मिटलेल्या मुठीत ताकद जास्त असते, म्हणून लिव्हर जवळ आला की तोच क्लच हलका लागतो. माझ्या बायकोला आणि अण्णांनाही याचा फायदा झाला. फक्त एक बघा, लिव्हर इतका जवळ आणू नका की तो पूर्ण दाबायच्या आधीच मागच्या बोटांना टेकेल. आणि घ्यायच्या आधी, गाडी चालवणाऱ्याला क्लच दाबताना लिव्हरच्या टोकाकडे बोटं ठेवायला सांगा. अण्णा कित्येक वर्षं बुडाशीच धरत होते.

आर्म लांब करावा की स्प्रिंगा मऊ कराव्यात?

हा प्रश्न माझ्या ३५०चा. वायर मोकळी, तरी क्लच दगड. बाजारात इंजिनावरच्या क्लच आर्मला जोडायचा तुकडा किंवा लांब आर्म मिळतो. समजा मूळ आर्म ४ सेंटिमीटरचा आहे आणि तो ५ केला, तर जोर एक पंचमांशानं कमी लागतो. पण तेवढाच शाफ्ट फिरवायला वायर सव्वापट ओढावी लागते, आणि हँडलवरचा लिव्हर तर पूर्वीइतकीच ओढतो. म्हणजे प्लेटा पूर्वीपेक्षा कमी अंतरानं सुटतात. मग पहिला गिअर टाकताना खट् आवाज येतो, सिग्नलला गाडी पुढे सरकायला बघते, इंजिन तापलं की न्यूट्रल हरवतं. सोलापूरच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, मधल्या मारुतीच्या गर्दीत हे फार जाणवतं. थोडी लांबी आणि अचूक प्ले असेल तर निभतं, हावरेपणा केला तर नाही.

मी आर्म विकत घेण्याआधी त्याचा कोन बघितला आणि पैसे वाचले. क्लच पूर्ण दाबल्यावर वायर आणि आर्म यांच्यात जवळपास काटकोन असावा. तिथे ओढ सगळ्यात जास्त कामी येते. माझा आर्म पूर्वी कुणीतरी उघडून शाफ्टच्या दात्यांवर एक घर पुढे बसवला होता. बऱ्याच गाड्यांत आर्मवर आणि शाफ्टवर खूण असते, ती जुळवली. शाफ्ट कोरडा होता, तो साफ करून थोडं ग्रीस लावलं. क्लच मऊ झाला असं नाही म्हणणार, पण माणसाचा झाला.

मऊ स्प्रिंगांना माझा विरोध आहे. प्लेटा एकमेकींना किती घट्ट धरतात ते स्प्रिंगांवरच ठरतं. स्प्रिंगचा दाब जितका कमी, तितकी क्लचची ओढ पेलायची ताकदही कमी. शहरात कळणार नाही. तुळजापूरच्या घाटात, दोघं बसलेले असताना कळेल, रेस वाढेल, वेग वाढणार नाही, जळका वास येईल आणि मग प्लेटांचा खर्च. उलट, तुमच्या जुन्या गाडीत आधीच्या मालकानं कडक स्प्रिंगा घातल्या असतील तर कंपनीच्या मूळ स्प्रिंगा परत घाला. हा बदल मात्र शंभर टक्के करावा. इंजिन ऑइल बदलल्यानं लिव्हर हलका होतो ही समजूतही सोडा. ऑइलनं गिअर पडण्यात आणि प्लेटा सुटण्यात फरक पडतो, हाताच्या जोरात जवळपास नाही.

वायरीऐवजी फ्लुइडच्या दाबावर क्लच चालवणाऱ्या हायड्रॉलिक किटबद्दल थोडक्यात. वायरीचं घर्षण जातं, प्ले आपोआप राहतो, पण खर्च हजारांत आणि त्यातलं फ्लुइड ठरलेल्या मुदतीत बदलावं लागतं. गळती झाली तर वाटेत सहज दुरुस्ती नाही. मोठ्या गाडीवर लांब फिरणाऱ्यानं विचार करावा. १२५ला नको.

गाडी बदलायचीच असेल तर असिस्ट अँड स्लिपर क्लचवाली चालवून बघा. तिच्यात इंजिनाचा जोर स्वतःच प्लेटा दाबायला मदत करतो, म्हणून कंपनी मऊ स्प्रिंगा देऊ शकते. २०१८च्या यामाहा आर१५ व्हर्जन ३.०मध्ये, २०२०च्या होंडा हायनेस सीबी३५०मध्ये आणि २०२३च्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४५०मध्ये हा क्लच आहे. गॅरेजमधल्या मऊ स्प्रिंगांची याच्याशी तुलना होत नाही, तिथे ती मदत करणारी रचनाच नसते.

मेहुण्याच्या स्कूटरचा सल्ला मी टाकून दिलेला नाही. स्कूटरलाही डाव्या हाताला ब्रेक असतो, पण तो क्लचइतका वारंवार आणि धरून ठेवावा लागत नाही. वायर, बोल्ट, प्ले सगळं ठीक करूनही हात दुखत असेल तर दोष गाडीत नाही, हाताच्या डॉक्टरांना दाखवा. अण्णांना दाखवलं. पट्टा आणि व्यायाम सांगितला आहे, सिग्नलला पोचण्याआधीच न्यूट्रल टाकायची सवय मी लावतोय. आज पहाटे ते सिद्धेश्वराहून आले, हेल्मेट काढायच्या आधी डाव्या हाताची मूठ दोनदा उघडून मिटून मला दाखवली आणि चहा मागितला.