कूपर्सटाऊनचं बेसबॉल हॉल ऑफ फेम: क्रिकेटवाल्यांनी जावं का? जावं, पण तिसरा मजला सोडू नका

बेसबॉलच्या थोर खेळाडूंचा मान करणारं हे म्युझियम, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसेल तरी बिनधास्त जा. माझ्याकडून पाचात साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

न्यू जर्सीतून साडेतीन-चार तासांचं ड्राइव्ह, शेवटी शेवटी नुसती शेतं, गोठे आणि वळणं. कूपर्सटाऊन हे न्यूयॉर्क राज्यातलं गाव दोन हजार वस्तीचंही नाहीये, ओत्सेगो लेकच्या काठावर. सांगलीहून बाबा आलेले, गावसकर-विश्वनाथच्या जमान्यातला माणूस, गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांचा प्रश्न, "अरे एवढं मोठं म्युझियम आणि या आडगावात कशाला?"

खरी गंमत तीच आहे. १९०७ मध्ये एका कमिटीने जाहीर करून टाकलं की बेसबॉलचा शोध अ‍ॅब्नर डबलडे या माणसाने १८३९ साली याच गावात लावला. पुरावा काय, तर एका म्हाताऱ्याने लिहिलेलं पत्र! आणि डबलडे साहेब त्या वर्षी वेस्ट पॉइंटला मिलिटरीचं शिक्षण घेत होते, पुढे यादवी युद्धात जनरल झाले, पण हा शोध मी लावला असं त्यांनी जन्मात कधी म्हटलं नाही. मग १९३४ मध्ये शेजारच्या फ्लाय क्रीकमध्ये माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुनाट बॉल सापडला आणि गावातल्या स्टीफन क्लार्क नावाच्या श्रीमंताने तो ५ डॉलरला घेतला. क्लार्क घराण्याचा पैसा कुठला, तर सिंगर शिलाई मशीनचा, आपल्या आज्यांकडे पायाने चालवायचं असायचं तेच सिंगर. मंदीचे दिवस, गावात लोक यायला पाहिजेत, झालं, १९३९ च्या जूनमध्ये बेसबॉलची 'शंभरी' म्हणून म्युझियम उघडलं. तो बॉल अजून आहे बरं का, छोटासा, घरी शिवलेला, शिवण उसवून आतल्या चिंध्या दिसतात. आणि डबलडेची गोष्ट ही दंतकथा आहे हे म्युझियमवाले स्वतःच सांगतात, लपवाछपवी नाही. मला हे जाम आवडलं.

आता प्लाक गॅलरी, म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये निवडलेल्यांच्या ब्राँझच्या पाट्यांचं दालन. सगळे फोटो इथले टाकतात पण साडेतीनशेच्या घरात ब्राँझचे चेहरे, खेळाडू माहीत नसतील तर दहा मिनिटांत जांभया येतात. अर्धा स्टार इथे गेला. पण मतदानाचा किस्सा आधी वाचून जा म्हणजे हीच गॅलरी रंगते. हॉलमध्ये कोणाला घ्यायचं यावर मतं देतात पत्रकार, तेही किमान दहा वर्षांचा अनुभववाले, आणि ७५ टक्के लागतात. १९३६ च्या पहिल्या बॅचमध्ये पाच जण, त्यात बेब रूथला, म्हणजे बेसबॉलच्या ब्रॅडमनला, २२६ पैकी २१५. म्हणजे अकरा जणांना बेब रूथ नको होता! सगळीच्या सगळी मतं मिळवणारा आजवर एकच, मारियानो रिवेरा, २०१९ मध्ये. पुढच्याच वर्षी डेरेक जेटरला एक मत कमी, २०२५ मध्ये इचिरोला एक मत कमी. बाबा तापलेच, "पत्रकारांच्या हातात दिलं की हेच होणार." मग जाता जाता त्यांनी मला ऐकवलं की ब्रॅडमन १९३२ मध्ये अमेरिकेत आला होता तेव्हा यँकी स्टेडियमवर रूथला भेटला होता. हे मला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर स्टेडियमचं दालन आहे ते मात्र आरामात बघा. आपल्याला वाटतं मैदान म्हणजे मैदान, पण यांच्याकडे प्रत्येक ग्राउंडची बाउंड्री वेगळी, मापं भलतीच. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर उजवीकडे जेमतेम २५८ फूट आणि समोर ४८० च्या वर, म्हणजे एका बाजूला गल्ली क्रिकेट आणि समोर विमानतळ. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं, टायटॅनिक बुडाल्यावर पाच दिवसांनी उघडलेलं, जागा अपुरी म्हणून डावीकडे ३७ फुटी हिरवी भिंत, तिच्यावर अजून हाताने चालवायचा स्कोअरबोर्ड आहे आणि खेळाच्या हद्दीतच शिडी लटकतेय. शिकागोच्या रिगली फील्डला तर १९८८ पर्यंत लाइटच नव्हते, सगळ्या मॅच उन्हात.

ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डची कोनशिला इथे म्युझियममध्ये आहे. मी तिच्यापुढे बराच वेळ उभा होतो. तिथली डॉजर्स टीम लॉस एंजेलिसला निघून गेली आणि १९६० मध्ये हे स्टेडियम पाडलं, ते पाडायच्या लोखंडी गोळ्यावर बेसबॉलसारखा रंग आणि शिवण काढली होती! १९६४ मध्ये पोलो ग्राउंड्स पाडायलाही तोच गोळा. एवढा क्रूर विनोद कुणाला सुचला असेल देव जाणे.

आणि बॅरी बाँड्सचा बॉल. करिअरमधल्या सर्वाधिक होमरनचं (आपला सिक्सर समजा) रेकॉर्ड त्याने ज्या ७५६ व्या होमरनने मोडलं, त्याचा बॉल एका फॅशन डिझायनरने साडेसात लाख डॉलरला घेतला, लोकांची ऑनलाइन मतं मागवली आणि बॉलवर चक्क चांदणी (*) कोरून म्युझियमला देऊन टाकला, म्हणजे हे रेकॉर्ड संशयाचं आहे असा टोला. स्टेरॉइड्सच्या प्रकरणामुळे पत्रकारांनी दहा वर्षं बाँड्सला पुरेशी मतं दिली नाहीत, २०२२ मध्ये तो त्यांच्या यादीतून गेला. बॉल आत, खेळाडू बाहेर. पीट रोजचंही तेच, ४२५६ हिट्स, सट्टेबाजीमुळे १९८९ ते २०२५ बंदी, त्याच्या वस्तू काचेत आहेत आणि प्लाक नाही. यावर आमची घरी येईपर्यंत भांडणं चालली.

कामाचं सांगतो. तिकीट ऑनलाइन काढा. थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि १ जानेवारी सोडून रोज उघडं असतं. जुलैअखेरचा इंडक्शनचा (नव्यांना हॉलमध्ये घेण्याच्या सोहळ्याचा) वीकेंड टाळा, २००७ मध्ये पाऊण लाखाच्या आसपास पब्लिक आलं होतं म्हणे, या एवढ्याशा गावात! मेन स्ट्रीटवर एका ठिकाणी जेवलो, नाव घेत नाही, व्हेज म्हणून चीज घातलेला पाव आला, तेव्हा ठेपले-चटणी सोबत न्या. म्युझियमपासून चालत दोन-चार मिनिटांवर डबलडे फील्ड आहे, गाईच्या कुरणावर बांधलेलं छोटं स्टेडियम, मॅच चालू असेल तर तासभर बसा. बाबांना दुसऱ्या इनिंगपर्यंत नियम कळले होते आणि ते अंपायरला शिव्या घालत होते.